१९९० ते ९९ : तुमचा एकच अल्बम सांगा (सिनेमाचा नको) आणि तो कुठे, कुणासोबत ऐकलात ते पण

पत्र्यावरचा_पाऊस

मंडळी, आमची ठाण्याची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, त्यामुळे गेले दोन रविवार आईच्या घराची आवराआवर चाललीय. काल माळ्यावरून बुटांचं एक खोकं खाली आलं आणि त्यात कॅसेटी. मोजल्या तर ४३ निघाल्या. अर्ध्यांना कव्हर नाही, काहींवर ताईच्या अक्षरात निळ्या पेनाने गाण्यांची यादी, एकीवर फक्त ‘पुसू नये’ एवढंच.

ही ‘पुसू नये’ म्हणजे आमचा गारवा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सौमित्र म्हणजे किशोर कदम यांच्या कविता, मिलिंद इंगळेंचं संगीत आणि आवाज, आणि गाण्यांच्या मधे मधे सौमित्र स्वतः कविता म्हणतात. अख्खी कॅसेट पावसावर. आमच्याकडे ती १९९९ च्या पावसाळ्यात आली, ताईने तिच्या पहिल्या पगारातून आणली होती. तेव्हा आम्ही कॅसेट लावली की लावली, पुढे ढकलणं वगैरे नाही, कारण फॉरवर्ड केलं की टेप खातो अशी बाबांची भीती, त्यामुळे कविता, मग गाणं, मग कविता हा सगळा क्रमच डोक्यात बसलाय. आजही त्यातलं एखादं गाणं कुठे लागलं की ते संपल्यावर मनात पुढची कविता आपोआप सुरू होते.

त्याच डिसेंबरात ताईचं लग्न होतं आणि ती बडोद्याला जाणार होती. कॅसेट कुणाची यावरून आमची दोन दिवस भांडणं झाली. शेवटी ठरलं की मूळ कॅसेट तिची आणि माझ्यासाठी कॉपी करायची. डबल डेक, म्हणजे दोन कॅसेटी बसणारा टेप, आमच्याकडे नव्हता. मग शेजारच्या काकूंचा टेप आणला, दोन टेप गॅलरीत समोरासमोर ठेवले, एकावर प्ले आणि दुसऱ्यावर रेकॉर्ड दाबलं आणि आम्ही दोघं श्वास रोखून आत बसलो. सप्टेंबर होता, परतीचा पाऊस, गॅलरीवर पत्रा. त्यामुळे माझ्या गारव्यात खरा पाऊस आहे! ‘झाडाखाली बसलेले’ चालू असताना मागे पत्र्यावर सर वाढत जाते, आणि ते गाणं संपता संपता आतून कुकरची शिट्टी होते. एक, दोन, आणि तिसरी अर्धवट.

आता मोबाइलवर तो अल्बम एका सेकंदात लागतो, आवाज स्वच्छ आहे, पण त्या जागी शिट्टी येत नाही आणि मला दरवेळी काहीतरी राहून गेल्यासारखं होतं.

तर तुमचा एक अल्बम सांगा. एकच. सिनेमाची गाणी मुद्दाम वगळलीत कारण ती सगळ्यांनीच ऐकलेली असतात, बाकीच्या कॅसेटी मात्र घरात कुणीतरी निवडून, पैसे मोजून आणलेल्या असायच्या. आणि दुसरं, २० वर्षं माळ्यावर पडलेली कॅसेट लावायची असेल तर काय काळजी घ्यायची? माझी हिंमत होत नाहीये.

संगमावरचा

लकी अलीचा सुनोह. १९९६. प्रश्नच नाही.

कराडला हॉस्टेलला होतो. रूममेट उदगीरचा, त्याच्या मामाने दुबईहून वॉकमन आणला होता, आणि कॅसेट माझी, एसटी स्टँडजवळच्या दुकानातून मेसच्या पैशातून घेतलेली. म्हणजे ऐकायचं तर दोघांनी मिळूनच ऐकायचं. एक इअरफोन त्याच्या डाव्या कानात, एक माझ्या उजव्या कानात, आणि चालताना दोघांची पावलं सारखी पडायला हवीत नाहीतर वायर निघायची. संध्याकाळी प्रीतिसंगमावर जायचो, तिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, त्या घाटावर बसून ए साइड, मग कॅसेट उलटून बी साइड, मग अंधार पडला की परत.

त्या काळात टीव्हीवर नुसता धडाका चालू होता. आदल्याच वर्षी अलिशाचं मेड इन इंडिया येऊन गेलेलं, दलेर मेहंदी प्रत्येक वरातीत. आणि त्या सगळ्या गोंगाटात हा माणूस येतो, मेहमूदचा मुलगा, आवाज काय गोड वगैरे नाही, थोडा खरखरीत, जीव तोडून गाणं नाही, शेजारी बसून बोलावं तसा गातो. ओ सनमचा व्हिडिओ इजिप्तमधला, पिरॅमिड, वाळू, लांब झगे, आणि आम्ही तो बघायचो चहाच्या टपरीवरच्या १४ इंची टीव्हीवर. उदगीरवाला म्हणायचा आपण एकदा इजिप्तला जायचं. तोवर आम्ही दोघांनीही मुंबई बघितली नव्हती.

सेल महाग पडायचे. पेन्सिल सेल संपत आले की टेप हळू व्हायची, आवाज जाड होत जायचा आणि गिटार ओढल्यासारखी वाजायची. मग सेल काढून गच्चीवर उन्हात ठेवायचे, दाताने चावायचे, त्यातून अजून तीन-चार गाणी निघायची. मला सुनोहची शेवटची गाणी त्या जाड आवाजातच जास्त पाठ आहेत.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्याच्या घरी अडचण झाली, शेती, कर्ज, वडिलांची तब्येत, सगळं एकदमच. तो कॉलेज सोडून गेला. वॉकमन घेऊन गेला आणि माझ्याकडे कॅसेट राहिली. नंतर दोन वर्षं मी ती लावलीच नाही. लावायला वॉकमन नव्हता हे खरंय, पण हॉस्टेलवर मागितला असता तर मिळाला असता.

आता त्याचं उदगीरला कृषी सेवा केंद्र आहे. दर पाडव्याला फोन होतो. त्याची कॉलर ट्यून ओ सनम आहे, आणि मला वाटतं तो मुद्दाम जरा उशिरा फोन उचलतो.

पेटीमास्तरीण

पावसाचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. तुमचा सौमित्र मला गारव्यात नाही भेटला, मला तो आधी भेटला ‘ऋतु हिरवा’मधे. आशाताईंचा आवाज आणि श्रीधर फडक्यांचं संगीत. त्यातलं ‘माझिया मना’ सौमित्रचं आहे. शांताबाई शेळक्यांची गाणी आहेत, आणि सुरेश भटांचं ‘भोगले जे दुःख त्याला’ पण. एका कॅसेटमधे एवढं सगळं! आणि बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, मुलाने वडिलांच्या सावलीत न अडकता स्वतःची चाल कशी बांधली ते ऐकायचं असेल तर हीच कॅसेट ऐका असं मी आजही सगळ्यांना सांगते.

आम्ही अमरावतीचे. आईचं गाणं लग्नाआधी चालू होतं, परीक्षा देत होती, लग्नानंतर सुटलं. कुणी बंद कर असं म्हटलं नाही, पण कुणी चालू ठेव असंही म्हटलं नाही. पेटी पलंगाखाली, वर जुनी चादर. मी आठवीत असताना ही कॅसेट घरी आली आणि दुपारी, सगळं आवरून झालं की, आई टेपसमोर २०० पानी वही घेऊन बसायची. एक ओळ ऐकायची, पॉज, लिहायची, परत मागे, परत ऐकायची. जिथे शब्द कळला नाही तिथे टिंबं. दुसऱ्या दिवशी एखादा शब्द सापडला की टिंबांच्या वर बारीक अक्षरात तो लिहायचा. मे महिन्यातल्या त्या दुपारी, कूलरची घरघर, आणि तेच अर्धं वाक्य आशाताई दहा वेळा म्हणतायत. पॉजचं बटण शेवटी आतच जाऊन बसलं, मग ती स्टॉप दाबून काम चालवायची.

शब्द झाले तशी पेटी पलंगाखालून बाहेर आली.

त्या वर्षी कॉलनीतल्या कोजागिरीला आईने भटांचं ते गाणं म्हटलं. गच्चीवर दूध आटत होतं, बायका गप्पा मारत होत्या आणि ती म्हणायला लागल्यावर एकेक जण थांबत गेली. भट मूळचे आमच्या अमरावतीचे, त्यामुळे शब्द बऱ्याच जणांना आधीपासून तोंडपाठ होते, पण आमच्या बिल्डिंगमधलं कुणीतरी ते असं गाऊ शकतं हे कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं हो. मी १३ वर्षांची होते आणि आईला असं डोळे मिटून बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. संपल्यावर टाळ्याबिळ्या नाहीत, खालच्या मजल्यावरचे एक आजोबा एवढंच म्हणाले, परत म्हणा.

पुढच्या वर्षी तिने मध्यमाची परीक्षा दिली. आता मी शिकवते आणि ती वही माझ्याकडे आहे. दोन ठिकाणची टिंबं अजून तशीच आहेत, इंटरनेटवर आता सगळे शब्द मिळतात पण मी ती भरलेली नाहीत.

मुठेकाठचा

माझा वंदे मातरम, रेहमान, ऑगस्ट १९९७. स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली होती, आम्ही सातवीत, शाळेत त्या गाण्यावर कवायत बसवली होती आणि पीटीचे सर ड्रमवाल्या पोराला रोज सांगायचे की रेहमानला ऐक आणि मग वाजव. बहुतेकांना त्यातलं एकच गाणं आठवतं पण त्याच अल्बमवर नुसरत फतेह अली खान रेहमानबरोबर गायलेत, गुरूज ऑफ पीस. कॅसेट आल्यावर काही दिवसांतच, १६ ऑगस्टला, नुसरत गेले. माझ्या काकांनी बातमी ऐकून ते गाणं लावलं आणि ते संपेपर्यंत घरात कुणाला बोलू दिलं नाही. पाकिस्तानचा गायक, आपल्या स्वातंत्र्याची कॅसेट, आणि पुण्यात आमच्या वाड्यात एक माणूस त्याच्यासाठी डोळे पुसतोय. एवढंच आठवतं पण पक्कं आठवतं.

गोदाकाठ

वाचतोय सगळ्यांचं. लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं, कारण माझ्या कॅसेटला नाव नाही. कव्हर नव्हतंच, वर पांढरा कागद चिकटवलेला आणि वडिलांच्या अक्षरात ‘प्रल्हाद शिंदे - भीमगीते - २’.

आमचं गाव नांदेड जिल्ह्यात. वडील दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला जायचे, गावातले १५-२० जण मिळून. जाताना भाकऱ्या आणि ठेचा, येताना पिशवीत पुस्तकं, बाबासाहेबांचा एखादा फोटो आणि कॅसेटी. शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलच्या बाजूला कॅसेटचे स्टॉल लागायचे, तिथून. आम्ही पोरं ८ तारखेपासून फाट्यावर जाऊन उभी राहायचो की कधी येतायत.

तुम्ही लोकांनी मूड, आवाज, चाल असं लिहिलंय आणि ते मला पटतंय, पण आमच्याकडे त्या कॅसेटचं काम वेगळं होतं. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. महाडचं तळं, काळाराम मंदिर, पुणे करार, नागपूरची दीक्षा, हे सगळं तिला क्रमाने माहीत होतं आणि ते सगळं गाण्यातून. वामनदादा कर्डकांची गाणी तर तिला अशी पाठ होती की गायकाने कुठे कडवं गाळलं तर ती टेपला सांगायची, अरे हे राहिलं. मी शाळेत इतिहासाच्या पेपरात जे लिहायचो ते अर्धं आजीचं असायचं.

१४ जानेवारी १९९४. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, बाबासाहेबांचं नाव लागलं. मी नऊ वर्षांचा होतो. त्या नावासाठी किती वर्षं गेली, ७८ साली काय काय झालं, कुणाची घरं जळाली, हे मला तेव्हा कळत नव्हतं, मोठी माणसं आमच्यासमोर त्यावर बोलायची नाहीत. त्या दिवशी गावात लाइट नव्हती. एकाने ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, टेपला जोडली आणि हीच कॅसेट लावली. आवाज मोठा ठेवायचा की नको यावर आधी म्हाताऱ्या माणसांची हळू आवाजात चर्चा झाली. मग आजी उठली आणि तिनेच बटण पूर्ण फिरवलं. त्या आवाजात आमच्या गल्लीतल्या बायका ज्या नाचल्यात तसं मी नंतर कुठल्या लग्नात पण बघितलं नाही.

आणि एक गोष्ट मला लहानपणापासून विचार करायला लावायची. आषाढीला गावातल्या देवळाच्या भोंग्यावर विठ्ठलाची गाणी लागायची, तो आवाज पण प्रल्हाद शिंद्यांचाच. वरच्या आळीत आषाढी, खालच्या आळीत १४ एप्रिल, दोन्हीकडे तोच माणूस पोट फाडून गातोय. दोन्ही गल्ल्यांत बिनधास्त जाणारा आमच्या गावातला तो एकच आवाज होता.

तुमच्या यादीत अल्बम म्हणून हे बसतं का माहीत नाही. पण सिनेमाचं नाही आणि निवडून, पैसे मोजून आणलेलं आहे.

पत्र्यावरचा_पाऊस

गोदाकाठ भाऊ, बसतं का काय विचारता, मी तर म्हणतो मी प्रश्न विचारला तो यासाठीच. माझ्या डोक्यात अल्बम म्हणजे दुकानातला, छापील कव्हरवाला, हे होतं हे खरं आहे. तुमचं वाचून आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली आजींचं बटण फिरवणं परत वाच. ती कॅसेट अजून आहे का?

मिरजेचा_टेपवाला

नमस्कार. माझं मिरजेत १९८८ ते २००६ कॅसेटचं दुकान होतं, गाणी भरून पण द्यायचो. लोक वहीच्या कागदावर यादी आणायचे, बहुतेक वेळा ती यादी कुणासाठी आहे हे गाण्यांवरून समजायचं, आपण विचारायचं नाही.

आधी कामाचं सांगतो. पावसाळेराव, ती कॅसेट लगेच लावू नका. पहिलं म्हणजे खिडकीतून रिळाकडे बघा, कडेला पांढरे ठिपके दिसले तर बुरशी आहे, ठाण्याच्या हवेत धरतेच. ठिपके असतील तर टेपमधे घालायचीच नाही, टेपचं हेड, म्हणजे रिळावरचा आवाज वाचणारा भाग, पण खराब होईल आणि त्यातून दुसऱ्या कॅसेटींना लागेल. दुसरं, खालच्या बाजूला मधोमध तांब्याच्या रंगाची पट्टी दिसेल, तिच्यावर छोटा फेल्टचा तुकडा असतो. तो जुनेपणाने गळून पडतो. तो नसला तर रीळ हेडला नीट टेकत नाही आणि आवाज येतो-जातो, मग तुम्हाला वाटतं रेकॉर्डिंग गेलं. गेलेलं नसतं. स्क्रूवाली दुसरी कॅसेट घ्या, ती उघडून त्याच्यात तुमची दोन्ही चक्रं अलगद उचलून ठेवा. सगळं ठीक असेल तर आधी षटकोनी पेन्सिल घालून हाताने एकदा पूर्ण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. वर्षानुवर्षं पडून थर एकमेकांना चिकटलेले असतात, मोटरने एकदम ओढलं तर तुटतं. टेपचं हेड आणि रबरी रोलर कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसून घ्या. आवाज दबका आला तर हेडच्या बाजूला छोटा स्क्रू असतो तो केसभर फिरवून बघा, कारण तुमची कॉपी शेजारच्यांच्या टेपवर झालेली आहे, त्या टेपचं हेड थोडं वेगळ्या कोनात असणार. मग पहिल्यांदा वाजवतानाच कॉम्प्युटरला लाइन-इनमधे वायर लावून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधे रेकॉर्ड करून ठेवा. पहिल्यांदा वाजते तीच कधीकधी शेवटची असते. मागचा पाऊस आणि खरखर कमी करून पाहिजे असेल तर माझ्याकडे पाठवा, मी करून देतो, पैसे नकोत.

माझा अल्बम मरासिम. १९९९. जगजीतसिंग आणि गुलजार. आमच्या मिरजेत सतारी, तंबोरे बनवणारी घराणी आहेत, त्यातले एक बुजुर्ग कारागीर दुपारी दुकानात यायचे, बोटांना पॉलिशचा वास, नखांत भोपळ्याचा भुसा. शब्दांकडे त्यांचं फारसं लक्ष नसायचं. म्हणायचे, गाणं सुरू व्हायच्या आधीचं लाव. मी तेवढंच लावायचो, परत मागे घ्यायचो, परत लावायचो. तार सुटल्यावर आवाज किती वेळ हवेत राहतो ते ते बोटांवर मोजायचे. रेकॉर्डिंग चांगलं म्हणजे काय हे १८ वर्षांच्या धंद्यात मला त्यांनी शिकवलं, तेही माझ्याच दुकानात.

पत्र्यावरचा_पाऊस

काका, तुमचा सल्ला शब्दशः पाळला. ठिपके नव्हते. फेल्ट पडलेला होता, दुसरी कॅसेट उघडून रीळ बदललं, दीड तास लागला, बायकोने टॉर्च धरला. पेन्सिलने फिरवताना मधे एका जागी चिकटलेलं जाणवलं, तिथे थांबून थांबून सोडवलं.

वाजली. पूर्ण वाजली! पत्रा आहे, पाऊस आहे, कोपरीच्या बाजूने जाणाऱ्या लोकलचा भोंगा पण आहे जो मी पार विसरलो होतो. ताईला बडोद्याला व्हिडिओ कॉल लावून ऐकवली. ती दोन मिनिटं काही बोलली नाही आणि मग म्हणाली, थांब, आता शिट्टी. एक, दोन, आणि तिसरी अर्धवट. मला २५ वर्षं वाटत होतं की तिसऱ्या शिट्टीला आईने गॅस बंद केला. ताई म्हणाली, नाही रे, मी ओल्या फडक्याने शिट्टी दाबून धरली होती, तुझं रेकॉर्डिंग बिघडू नये म्हणून, हात भाजला होता माझा, लग्नाच्या मेंदीत तो डाग दिसत होता. मला हे माहीतच नव्हतं. फोटोत शोधला, डाव्या हाताला अंगठ्याखाली आहे.

काका, पाऊस कमी करू नका. काहीच काढू नका. फक्त एक प्रत ताईसाठी कॅसेटवर भरून द्याल का? तिच्याकडची मूळ कॅसेट घर बदलताना हरवली, आणि तिच्या सासऱ्यांचा टेप अजून चालू आहे.

मिरजेचा_टेपवाला

देतो. कोरी कॅसेट आहे माझ्याकडे, सील न फोडलेली, अशाच कामासाठी ठेवलेली. पत्ता इथे टाकू नका, मेसेज करा. गोदाकाठ, तुमची पण मिळाली तर सांगा. कशीही असली तरी.

गोदाकाठ

१४ एप्रिलला गावी चाललोय. वडिलांची लोखंडी ट्रंक भावाकडे आहे, किल्ली सापडत नाही म्हणतोय तो. कुलूप तोडायचं ठरलंय. बघतो.